अमेरिका युद्धात उतरते तेव्हा ते ठरवतं कोण?

देवराई (न्यू जर्सी)

२२ जून २०२५ च्या पहाटे अमेरिकेच्या बी-२ विमानांनी इराणमधल्या फोर्डो आणि नतान्झ इथल्या अणुकेंद्रांवर सुमारे तीस-तीस हजार पौंडांचे चौदा बॉम्ब टाकले. इस्फहानवर पाणबुडीतून क्षेपणास्त्रं सोडली गेली. त्याआधी अमेरिकी संसदेत एकही मतदान झालेलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी सिनेटमध्ये डेमोक्रॅट सिनेटर टिम केन यांचा ठराव आला, की इराणविरुद्ध यापुढची कारवाई संसदेच्या मंजुरीशिवाय करू नये. तो ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडला. रिपब्लिकन रँड पॉल ठरावाच्या बाजूने होते, डेमोक्रॅट फेटरमन विरोधात. बाकी सगळे आपापल्या पक्षाच्या रांगेत.

तेव्हापासून आमच्या इथल्या मराठी मंडळींत हाच वाद चालू आहे आणि तो दर वेळी 'ट्रम्प बरोबर की चूक' इथेच येऊन थांबतो. मला तो प्रश्न अपुरा वाटतो, म्हणून हा धागा.

अमेरिकेच्या घटनेतलं पहिलं कलम, आठवा विभाग: युद्ध जाहीर करण्याचा अधिकार संसदेचा. सैन्य उभारणं, त्याला पैसा पुरवणं हेही संसदेचंच, आणि सैन्यासाठीची तरतूद एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त काळाची करायची नाही हे बंधनही तिथेच लिहिलेलं आहे. राष्ट्राध्यक्ष सरसेनापती, पण लढाई सुरू झाल्यावरचा. अचानक हल्ला झाला तर तो परतवायची मोकळीक त्याला असावी, हे १७८७ च्या फिलाडेल्फियातल्या चर्चेत मान्य झालं होतं. राजाच्या मर्जीने होणारी युद्धं युरोपात पाहिलेली ही माणसं होती. तो अधिकार एका माणसाच्या हाती पडू नये म्हणूनच त्यांनी हा खटाटोप केला.

आता प्रत्यक्षात काय झालं ते बघा. अमेरिकेने रीतसर जाहीर केलेली युद्धं अवघी पाच: १८१२, मेक्सिको, स्पेन आणि दोन महायुद्धं. शेवटची घोषणा जून १९४२ मध्ये बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध झाली. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान, कोसोवो, लिबिया, सीरिया, येमेन. यातल्या काहींना संसदेने ठराव करून परवानगी दिली, काहींना तीही नाही.

माझं म्हणणं असं की राष्ट्राध्यक्षांनी हा अधिकार हिसकावून घेतला हे अर्धंच खरं आहे. संसदेने तो आपणहून सोडून दिला. मत दिलं की ते आयुष्यभर मागे लागतं. ऑक्टोबर २००२ मध्ये इराक युद्धाच्या बाजूने मत देणाऱ्यांत हिलरी क्लिंटन, जॉन केरी आणि जो बायडन होते. २००८ मध्ये ओबामांनी क्लिंटन यांच्याविरुद्ध वापरलेलं सर्वांत धारदार हत्यार तेच एक मत होतं. त्यातून वॉशिंग्टनने घेतलेला धडा असा: मत द्यायची वेळच येऊ द्यायची नाही. युद्ध नीट पार पडलं तर टाळ्या वाजवायच्या, फसलं तर 'आम्हाला विचारलं कुठे होतं' म्हणायचं. मी इथला नागरिक आहे, इथे मतदान करतो, आणि माझ्या प्रतिनिधीने या प्रश्नावर नाव लावून मत द्यावं अशी माझी मागणी आहे. मग ते मत मला पटो न पटो.

कोयनाकाठ (पुणे)

देवराई, मांडणी स्वच्छ आहे. तरी मी पूर्ण असहमत.

१७८७ मध्ये शत्रूचं जहाज अटलांटिक ओलांडायला आठवडे घेत असे. आज आंतरखंडीय क्षेपणास्त्र अर्ध्या तासात पोचतं. ५३५ सदस्यांच्या सभागृहांना आधी सांगून फोर्डोवर विमानं पाठवता आली असती का? गुप्तता हाच त्या मोहिमेचा कणा होता.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेचं परराष्ट्र धोरण धाकावर उभं आहे. जपान, दक्षिण कोरिया, पोलंड हे देश स्वतः अण्वस्त्रं बनवत नाहीत, कारण वेळ आली तर अमेरिका उभी राहील असा त्यांना भरवसा आहे. तैवानचं उदाहरण घ्या. १९७९ चा तैवान कायदा अमेरिकेला फक्त संरक्षणाची शस्त्रं पुरवायला सांगतो, लढायला बांधून घेत नाही. तरीही चीन आजवर थांबलाय, कारण अमेरिकी राष्ट्राध्यक्ष काय करेल याची त्याला खात्री नाही. 'आधी दोन्ही सभागृहांत मतदान होईल' असं बीजिंगला एकदा कळलं तर तो धाक उरेल का? जून १९५० मध्ये ट्रुमन संसदेत चर्चेसाठी थांबले असते तर आज दक्षिण कोरिया नकाशावर नसता. सेऊल तीन दिवसांत पडलं होतं.

देवराई

कोयनाकाठ, कोरियाचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं. पहिल्या आठवड्यात ट्रुमन यांनी सैन्य हलवलं त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते युद्ध तीन वर्षं चाललं. छत्तीस हजारांच्या आसपास अमेरिकी सैनिक गेले, आणि त्या तीन वर्षांत एकदाही संसदेची परवानगी मागितली गेली नाही. वेळ नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही. परराष्ट्रमंत्री अ‍ॅचिसन यांचा सल्लाच होता की विचारू नका. तिथून पायंडा पडला.

याउलट १९९१ चं आखात युद्ध पाहा. थोरल्या बुश यांनी अनेक महिने सौदीत सैन्य जमवलं, आपल्याला परवानगीची गरज नाही असं म्हणत म्हणत शेवटी संसदेकडे गेले. १२ जानेवारीला सिनेटमध्ये ५२-४७ आणि प्रतिनिधिगृहात २५०-१८३. किती अटीतटीचं मतदान! सद्दामला सगळी चर्चा टीव्हीवर दिसत होती. त्याने धाक कमी झाला नाही. उलट देश मागे उभा आहे हे जगाला दिसलं.

गुप्ततेचं म्हणाल तर विमानं कुठल्या रात्री उडणार हे कुणीच सभागृहात विचारत नाही. इराणशी युद्ध करायचं का, हा प्रश्न वीस वर्षं उघड्यावर चर्चेत होता. त्यावर मत घेता आलं असतं.

वकिलीबाणा (शिकागो)

कायद्याच्या बाजूने थोडं सविस्तर लिहितो, कारण खरी गोम तिथे आहे.

ऑगस्ट १९६४ चा टोंकिनच्या आखाताचा ठराव, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला व्हिएतनाममध्ये बळ वापरायची मोकळीक देणारा, प्रतिनिधिगृहात ४१६-० आणि सिनेटमध्ये ८८-२ असा मंजूर झाला. विरोध करणारे दोघेच, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग. त्या एका ठरावावर पुढे पाच लाखांहून जास्त सैन्य व्हिएतनाममध्ये गेलं. हात पोळल्यावर संसदेने १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काढत युद्धाधिकार कायदा केला. सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत कळवायचं, आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत, परत आणायचं. शिवाय दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की राष्ट्राध्यक्षाच्या सहीशिवायही सैन्य मागे घ्यावं लागेल अशी तरतूद होती.

ही शेवटची तरतूद म्हणजे कायद्याचे दात. ते पडले १९८३ मध्ये, आणि ज्या खटल्यामुळे पडले त्याचा युद्धाशी काडीचा संबंध नव्हता. जगदीश राय चढ्ढा नावाचा, केनियात जन्मलेला भारतीय वंशाचा विद्यार्थी अमेरिकेत शिकायला आला होता. त्याची हद्दपारी सरकारने थांबवली होती, ती प्रतिनिधिगृहाने एका ठरावाने पुन्हा लागू केली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जिंकला. न्यायालय म्हणालं, राष्ट्राध्यक्षापुढे न ठेवता केलेल्या अशा ठरावाला कायद्याचं बळ नाही. त्या निकालाने कितीतरी कायद्यांमधली अशी कलमं निकामी झाली, त्यात हेही.

परिणाम काय? आता युद्ध थांबवायचा ठरावसुद्धा राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर जातो. तो नकाराधिकार वापरतो आणि मग दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं लागतात. २०१९ मध्ये येमेनबद्दलचा आणि २०२० मध्ये इराणबद्दलचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, दोन्ही ट्रम्प यांनी फेटाळले, आणि विषय संपला. म्हणजे घटनेत जिथे युद्ध सुरू करायला बहुमत हवं होतं, तिथे आज युद्ध थांबवायला दोन तृतीयांश हवेत. अख्खा तराजू उलटा झाला.

६० दिवसांच्या मुदतीचं काय होतं तेही सांगतो. २०११ मध्ये लिबियावर बॉम्बफेक ६० दिवसांपुढे गेली तेव्हा ओबामा प्रशासनाने सांगितलं, आपले सैनिक जमिनीवर नाहीत, त्यांना फारसा धोका नाही, सबब कायद्याच्या अर्थाने ही लढाईच नव्हे. सप्टेंबर २०२५ पासून कॅरिबियन समुद्रात, अमली पदार्थ नेतात असा आरोप ठेवून, बोटींवर हल्ले सुरू झाले आणि मुदत भरत आली तेव्हा ट्रम्प प्रशासनानेही जवळपास हाच युक्तिवाद केला. पक्ष वेगळे, माणसं वेगळी, पळवाट तीच. एका बाजूने माणसं मरतात आणि दुसऱ्या बाजूला धोका नाही म्हणून तिला लढाई म्हणायचं नाही, हे मला वकील म्हणून आणि माणूस म्हणूनही मान्य होत नाही.

पाऊलखुणा (ठाणे)

@वकिलीबाणा, मग सर्वोच्च न्यायालय यात का पडत नाही? १९५२ मध्ये ट्रुमन यांनी कोरिया युद्धाचं कारण देऊन पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा न्यायालयाने सरळ रद्द केलं होतं ना?

वकिलीबाणा

हो, यंग्स्टाउनचा खटला. पण तिथे कारखानदारांचं थेट नुकसान झालं होतं, ते दाद मागू शकत होते. युद्धाबद्दल दाद मागायला गेलेल्या खासदारांना न्यायालयं बहुतेक दारातूनच परत पाठवतात.

१९९९ चं कोसोवो, म्हणजे युगोस्लाव्हियावरचे नाटोचे हवाई हल्ले, हे त्याचं नमुनेदार उदाहरण. बॉम्बफेक चालू असताना २८ एप्रिलला प्रतिनिधिगृहात लागोपाठ मतदानं झाली. युद्ध जाहीर करायचं का? २ विरुद्ध ४२७, नाही. सैन्य मागे घ्यायचं का? १३९ विरुद्ध २९०, नाही. हवाई हल्ल्यांना मंजुरी द्यायची का? २१३-२१३, बरोबरी, म्हणजे नामंजूर. आणि पुढच्याच महिन्यात त्याच संसदेने त्याच युद्धासाठी जादा पैसे मंजूर केले. टॉम कॅम्पबेल आणि इतर खासदार राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध न्यायालयात गेले. उत्तर मिळालं, तुमच्या हातात संसदेची सगळी आयुधं आहेत, ती वापरा, आमच्याकडे कशाला येता. ऐकायला कडक वाटतं, पण न्यायाधीशांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

मोगरा_टेक्सास

मी एरवी राजकारणाच्या धाग्यांवर लिहीत नाही. इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण माझा मुलगा नॅशनल गार्डमध्ये (राखीव सैन्यात) आहे.

तुम्ही सगळे अधिकार कुणाचा यावर बोलताय. मला विचाराल तर खरा फरक १९७३ मध्येच, दुसऱ्या एका कारणाने पडला. त्या वर्षी सक्तीची सैन्यभरती बंद झाली. व्हिएतनामच्या वेळी कॉलेजच्या मुलांची नावं सोडतीत निघत होती, म्हणून घराघरात युद्धावर बोलणं होई. आज वर्दीत असलेली माणसं लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी आहेत, आणि ती पुन्हा पुन्हा त्याच गावांतून, त्याच घरांतून येतात. आमच्या मराठी मंडळात शेकडो कुटुंबं आहेत. मुलगा सैन्यात आहे म्हटल्यावर 'का बरं? मार्क कमी होते का?' असं मला विचारलं गेलं आहे. ते अजून लागतं.

आणि पैसा. कोरियासाठी ट्रुमन यांनी कर वाढवले होते. इराक आणि अफगाणिस्तान चालू असताना २००३ मध्ये कर कमी केले गेले, युद्ध कर्जावर चाललं. मुलगा दुसऱ्याचा, पैसा पुढच्या पिढीचा. मग खासदाराला जाब विचारणार कोण?

एक गोष्ट इथल्या आईवडिलांना सांगून ठेवते. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलग्यांची सिलेक्टिव्ह सर्व्हिसमधली नोंदणी (सक्तीची भरती पुन्हा लागलीच तर त्यासाठीची नावनोंदणी) नागरिकांपुरती नाही, ग्रीनकार्डवाल्यांनाही ती लागू आहे. 'आपला काय संबंध' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

२००१ च्या ठरावाबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. देवराई, तुम्ही लिहा.

देवराई

मोगराताई, मनापासून लिहिलंत. तुमच्या मुलाला शुभेच्छा.

२००१ चा ठराव: ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांत मतदान झालं. सिनेट ९८-०, प्रतिनिधिगृह ४२०-१. विरोधातलं एकमेव मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. त्यांना ठार मारायच्या धमक्या आल्या, संरक्षण द्यावं लागलं. त्या तालिबानच्या बाजूने नव्हत्या. हा कोरा धनादेश आहे, त्याला मुदत नाही, भूगोलाची मर्यादा नाही, एवढंच त्या सांगत होत्या. ज्यांनी हल्ला घडवला आणि त्यांना ज्यांनी आसरा दिला, त्यांच्याविरुद्ध बळ वापरायची ती परवानगी. तिच्याच आधारावर पुढे येमेन, सोमालिया, लिबिया, सीरिया इथे कारवाया झाल्या. इस्लामिक स्टेट ही संघटना तर हल्ल्याच्या वेळी त्या नावाने अस्तित्वातही नव्हती, आणि पुढे ती अल कायदाशीच लढली. तरी त्याच ठरावात तिला बसवलं.

ऑक्टोबर २०१७ मध्ये नायजरमध्ये टोंगो टोंगो गावाजवळ चार अमेरिकी सैनिक मारले गेले. तेव्हा लिंडसे ग्रॅहम यांच्यासारख्या, लष्करविषयक समितीवर बसणाऱ्या सिनेटरने जाहीरपणे सांगितलं की नायजरमध्ये आपले हजारभर सैनिक आहेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ज्यांनी पैसे मंजूर केले त्यांनाच! त्या चार घरांना याचं काय उत्तर द्यायचं?

जुनापेपर (नागपूर)

तुमच्या चर्चेत भारताचा धागा जोडतो, कारण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या एकट्याच्या मर्जीचा फटका आपण खाल्लेला आहे आणि तो पाहिलेली माझी पिढी अजून आहे.

१९६५ ते ६७ मध्ये आपल्याकडे दुष्काळ होता, अमेरिकेचा पीएल-४८० या धान्यमदत योजनेचा गहू रेशनवर येई. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ती जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबाने, स्वतः लक्ष घालून सोडत. शेती धोरण बदला हा एक आग्रह, आणि व्हिएतनामवर आपण टीका करत होतो त्याचा रागही होता. माझे वडील रेशनच्या रांगेत उभे राहायचे आणि त्या गव्हाला नावं ठेवत घरी यायचे.

मग १९७१. ढाक्यातले अमेरिकी महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्येच आपल्या सरकारला लेखी कळवलं होतं की इथे कत्तल चालू आहे आणि आपण गप्प बसलो आहोत. त्यांची बदली झाली. डिसेंबरमध्ये निक्सन यांनी एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात पाठवली. जॉर्डनकडून पाकिस्तानला विमानं मिळावीत यासाठी त्यांनी आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी हालचाल केली, आणि हे कायद्यात बसत नाही असा सल्ला त्यांना मिळाला होता, हे पुढे खुल्या झालेल्या ध्वनिफिती आणि कागदपत्रांत आहे.

पण त्याच वेळी त्यांची संसद काय करत होती? एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये निर्वासितांच्या छावण्या पाहायला बंगालमध्ये आले. फ्रँक चर्च आणि विल्यम सॅक्सबी या दोन सिनेटरांनी, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, पाकिस्तानची मदत थांबवायची दुरुस्ती आणली. संसद जागी असते तेव्हा एका माणसाच्या सूडबुद्धीला थोडा तरी अडसर राहतो. म्हणून हा प्रश्न अमेरिकेपुरता आहे असं मी मानत नाही.

कोयनाकाठ

जुनापेपर काका, १९७१ बद्दल तुमच्याशी वाद नाही. पण तुम्हीच फ्रँक चर्च यांचं नाव घेतलंत, त्यावरून माझा मुद्दा पुढे नेतो. याच चर्च यांनी क्लिफर्ड केस यांच्याबरोबर १९७३ मध्ये दुरुस्ती आणली: १५ ऑगस्टनंतर इंडोचीनमधल्या लष्करी कारवाईला एक डॉलरही नाही. आणि बॉम्बफेक थांबली. म्हणजे पैशाची किल्ली संसदेकडे आजही आहे. युद्धाधिकार कायद्याचे दात पडले म्हणून रडायचं कारण नाही. पैसा अडवा, युद्ध थांबतं.

आणि आपल्याकडे तरी युद्धावर संसद मत देते कुठे? निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. देश चाललाच ना?

वकिलीबाणा

कोयनाकाठ, आपल्याकडे लोकसभेचा विश्वास गेला तर सरकार दुसऱ्या दिवशी घरी जातं. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी पक्का असतो. धोरण आवडलं नाही म्हणून त्याला काढता येत नाही, महाभियोगात सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणूनच तिथे युद्धाचा निर्णय वेगळा काढून संसदेकडे ठेवला होता. तुलना करताना हा सांधा सोडून चालणार नाही.

पैसा अडवण्याचंही तितकं सोपं नाही. सैन्य एकदा मैदानात गेलं की निधी तोडणाऱ्यावर 'जवानांना वाऱ्यावर सोडलं' असा शिक्का बसतो. १९७३ मध्ये ते जमलं कारण सैनिक परतले होते आणि निक्सन वॉटरगेट प्रकरणात अडकले होते. पुढच्या दशकात बोलंड दुरुस्तीने निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांचा पैसा तोडला, तर रेगन यांच्या माणसांनी इराणला शस्त्रं विकून तो पैसा मागच्या दाराने पोचवला.

पाऊलखुणा

मग उपाय काय? नुसतं निदान झालं.

देवराई

उपाय कागदावर तयार आहे. २०२१ मध्ये ख्रिस मर्फी, माइक ली आणि बर्नी सँडर्स या तिघांनी मिळून विधेयक आणलं होतं. ही तीन नावं एकत्र येतात हेच विशेष! परवानगी नसेल तर निधी आपोआप बंद, म्हणजे तोडण्यासाठी कुणाला हात वर करावा लागत नाही. आणि प्रत्येक परवानगीला दोन वर्षांची मुदत. आज युद्ध चालू राहायला काहीच करावं लागत नाही, थांबवायला सगळं करावं लागतं. त्यांनी ते उलटं करायचं सुचवलं. विधेयक पुढे सरकलं नाही.

संसदेला जमत नाही असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संरक्षण खात्याच्या कायद्यातच तिने कलम घातलं की कुठल्याही राष्ट्राध्यक्षाला सिनेटच्या दोन तृतीयांश मतांशिवाय किंवा संसदेच्या कायद्याशिवाय नाटोतून बाहेर पडता येणार नाही. ते आणणारे होते टिम केन आणि मार्को रुबिओ, जे पुढे ट्रम्प यांचेच परराष्ट्रमंत्री झाले. मनात आलं की अधिकार सापडतो.

मी माझ्या भागातल्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला एवढंच विचारलं आहे: २००१ च्या ठरावाला मुदत घालणारं विधेयक आलं तर तुम्ही हो म्हणाल की नाही? छापील पत्र आलं, त्यात हो नाही आणि नाहीही नाही. पुन्हा विचारणार आहे, सार्वजनिक सभेत, माइकवर.

मोगरा_टेक्सास

देवराई, तुम्ही पाठवलेला मजकूर इथे टाकाल का? इंग्रजीत असला तरी चालेल. आमच्याकडच्या दोन्ही सिनेटरांना पाठवते, आणि मंडळातल्या ज्यांची मुलं अठराची झाली आहेत त्यांनाही देते.

देवराई

आज रात्री टाकतो, ताई.